बर्फाखालची मासेमारी: मिनेसोटातली तळी, बर्फाची जाडी आणि गळाला लागणारे मासे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटला की आमिषाच्या दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारतो: बर्फ किती झाला? दुकानदार म्हणतो, "पाच इंच." त्याचा आकडा खोटा नसतो, पण तो एका भोकाचा असतो. त्याच तळ्यावर पन्नास पावलांवर तीन इंच असू शकतात आणि ओढा येऊन मिळतो तिथे बर्फाचा नुसता पापुद्रा. माशांच्या बातमीचंही तसंच. 'काल बारा फुटांवर भरपूर लागले' हे कालचं झालं. आज बर्फ कसा आहे आणि मासे कुठे असतील, याचा अंदाज स्वतः बांधायचा असेल तर बर्फाखाली पाणी काय करतं ते आधी समजून घ्यायला हवं.

पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. शरदात वरचं पाणी गार होऊन खाली जातं, खालचं वर येतं आणि ही घुसळण सगळं तळं 4 अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतर आणखी गार झालेलं पाणी हलकं होतं, म्हणून ते वरच राहतं आणि वारा पडलेल्या एखाद्या थंड रात्री गोठतं. त्यामुळे बर्फाच्या लगेच खाली पाणी शून्याजवळ असतं आणि तळाशी 4 अंशांच्या आसपास. मासे तळाजवळ का घुटमळतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उथळ तळ्याला घालवायची उष्णता कमी असते, म्हणून ते आधी गोठतं. उत्तर मिनेसोटातलं अपर रेड लेक अफाट पसरलेलं पण उथळ आहे, त्यामुळे हंगामातली पहिली गर्दी तिथे होते. मिल लॅक्स सुमारे 1,32,500 एकरांचं आणि जास्तीत जास्त 42 फूट खोल. ते मागाहून गोठतं, आणि वारा सुटला तर अर्धवट गोठलेलं पुन्हा फुटतंही.

बर्फ किती वेगाने वाढतो

यासाठी एक सोपं गणित आहे. दिवसाचं सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, तितके त्या दिवसाचे अंश-दिवस. तळं गोठल्यापासूनच्या सगळ्या अंश-दिवसांची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 2 ने गुणायचं. येतात ते साधारण सेंटिमीटर. उणे 10 चे दहा दिवस म्हणजे 100 अंश-दिवस. वर्गमूळ 10, म्हणून बर्फ सुमारे 20 सेंटिमीटर, म्हणजे 8 इंच. वाऱ्यावरचं, हिम न साचलेलं तळं असेल तर 2 ऐवजी 2.7 घ्यावेत.

या वर्गमुळातच खरी गोम आहे. 20 चे 40 सेंटिमीटर व्हायला आणखी 100 नाही, 300 अंश-दिवस लागतात. म्हणजे तशाच थंडीचे आणखी तीस दिवस. बर्फ जितका जाड होतो तितका तो खालच्या पाण्याला बाहेरच्या थंडीपासून झाकतो, म्हणून वाढ मंदावते. डिसेंबरात आठवड्यात सहा इंच वाढलेला बर्फ जानेवारीतही तसाच वाढेल, हा हिशेब फसतो. आणि हे गणित घरी बसून अंदाज बांधण्यापुरतंच. तळ्यावर गेल्यावर भोक पाडून मोजायलाच हवं.

बर्फावर पडणारं हिम दोन प्रकारे घात करतं. एक तर ते पांघरुणाचं काम करतं आणि वाढ जवळजवळ थांबवतं. दुसरं, त्याचं वजन. 30 सेंटिमीटर जाडीचा बर्फ पाण्याच्या वर जेमतेम अडीच सेंटिमीटर राहतो, म्हणजे चौरस मीटरला 25 किलोच्या आसपास भार झाला की त्याचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीला येतो. जरा दबलेलं 12-13 सेंटिमीटर हिम एवढं वजन सहज भरतं. मग भेगांतून आणि भोकांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि वरून कोरडं दिसणाऱ्या पांढऱ्या थराखाली घोटाभर चिखलासारखं पाणी साचतं. याला तिथे 'स्लश' म्हणतात. यात बुडण्याची भीती कमी, पण बूट भिजतात, घसरगाडी रुतते, स्नोमोबिल अडकते आणि रात्रीत सगळं जागच्या जागी गोठून बसतं. हिमाची जाडी बर्फाच्या निम्म्याच्या आसपास गेली असेल तर स्लश असणारच, असं धरून निघावं.

कोणता बर्फ, किती जाड

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे, म्हणजे डीएनआरचे, ढोबळ आकडे असे: 4 इंचांखाली पाऊल ठेवू नये, 4 इंचांवर माणसाने चालावं, स्नोमोबिल किंवा छोट्या एटीव्हीला, म्हणजे रानवाटेवरच्या जाड टायरांच्या उघड्या गाडीला, 5 ते 7 इंच, छोट्या मोटारीला 9 ते 10. मोठ्या पिकअप ट्रकला याहून बरेच जास्त लागतात. आणि तोच विभाग पुढे बजावतो की शंभर टक्के सुरक्षित असा बर्फच नसतो.

हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे आहेत, आणि लोक विसरतात ते नेमकं हेच. पारदर्शक बर्फातून खालचं काळं पाणी दिसतं, म्हणून तो काळा वाटतो. तो सर्वांत मजबूत. हिम भिजून गोठलं की दुधट पांढरा बर्फ होतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि ताकद साधारण निम्मी, म्हणून वरचे आकडे दुप्पट करायचे. पाच इंच पांढऱ्या बर्फावर उभा माणूस हिशेबात अडीच इंचांवर उभा असतो. करड्या रंगाच्या बर्फात पाणी मुरलेलं असतं, त्यावर जाऊच नये. मार्चच्या उन्हात आणखी एक प्रकार होतो. बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटे होतात आणि दीड फुटाचा थरसुद्धा काड्यांच्या जुडीसारखा विस्कटतो. तिथे फूटपट्टी काहीच सांगत नाही.

पातळ बर्फाच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत: ओढ्यांची तोंडं, दोन तळ्यांना जोडणारे चिंचोळे पट्टे, पुलाखाली, लव्हाळ्यांच्या कडेला, तळातून झरे फुटतात तिथे आणि बदकांच्या थव्याने पाणी उघडं ठेवलेलं असतं तिथे. काही तळ्यांत माशांना प्राणवायू मिळावा म्हणून हवा सोडणारी यंत्रं बसवतात. तिथे 'थिन आईस'ची पाटी असते, ती शोभेची नसते. मोठ्या तळ्यांवर बर्फ तापमानाप्रमाणे आकसतो-फुगतो, दोन पत्रे एकमेकांवर चढून दाबाचे उंचवटे तयार होतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उघडं पाणी असू शकतं. असा उंचवटा सकाळी ओलांडला म्हणून संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही.

बर्फाच्या आवाजाने नवखे घाबरतात. घुमणारा, दूरवर धावत जाणारा 'गुडूम' बहुतेक वेळा तापमान बदलल्यामुळे पडणाऱ्या भेगांचा असतो आणि जाड बर्फातही होतो. त्याहून जास्त भ्यावं ते किनाऱ्याकडून तळ्याच्या मध्याकडे वाहणाऱ्या जोराच्या वाऱ्याला, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला. 2023 च्या डिसेंबरअखेरीस अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना सोडवावं लागलं. त्यांच्या पायाखालचा बर्फ पुरेसा जाड होता. मध्ये पाण्याचा पट्टा पडला, एवढंच.

पाऊल टाकताना

हातात लोखंडी पहार हवी, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली. किनाऱ्यावरून उतरल्यापासून दर दोन-तीन पावलांवर पुढे एक जोराचा घाव घालायचा. एका घावात पहार आरपार गेली किंवा पाणी वर आलं तर तिथूनच, आपल्याच पावलांवरून, मागे फिरायचं. पहार टिकली तरी दर दीडशे फुटांवर भोक पाडून जाडी मोजायची. मोजपट्टीला खाली हुक असला की तो बर्फाच्या खालच्या कडेत अडकवता येतो, नाहीतर अंदाज एखाद-दोन इंचांनी चुकतो. हिवाळी कोटाच्या आत किंवा वर लाईफ जॅकेट आणि गळ्यात बर्फाचे टोचे. हे टोचे म्हणजे दोन मुठी, प्रत्येकीत एक खिळा. ते घसरगाडीतल्या पिशवीत ठेवले तर असून नसून सारखेच.

बर्फ फुटून आत पडलात तर पहिलं मिनिट श्वासाचं. गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते, ती थोपवायची. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने इतका वेळ तुम्हाला पेललेलं असतं. टोचे बर्फात रोवून, पोहताना मारतो तसे पाय मागे मारत शरीर आडवं करायचं, पोटावर वर सरकायचं आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जायचं. दुसऱ्याला वाचवणाऱ्याने भोकाजवळ चालत जाऊ नये. 911 ला फोन करायचा, झोपून दोरी किंवा शिडी पुढे करायची.

मोटार बर्फावर नेणार असाल तर ताशी 15 मैलांच्या आत ठेवा. गाडीच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट पुढे धावते. वेग वाढला की ती लाट किनाऱ्याशी आपटून बर्फ फोडू शकते. काचा खाली आणि सीटबेल्ट सुटे, हा एरवीच्या सगळ्या शिकवणीच्या उलटा नियम तिथे पाळतात. दोन गाड्यांत 50 फूट अंतर हवं आणि गाडी एका जागी दोन तासांपेक्षा जास्त उभी नको. गाडीशेजारी एक भोक पाडून ठेवावं. त्यातून पाणी वर येऊन वाहू लागलं तर बर्फ खाली बसतोय, गाडी हलवा.

भोक, दोरी आणि गळ

भोक पाडायचं यंत्र म्हणजे मोठं गिरमिट, तिथल्या बोलीत ऑगर. ब्लूगिल-क्रॅपीसारख्या तळहाताएवढ्या माशांना 6 इंचांचं भोक पुरतं, वॉलायला 8, मोठ्या पाईकसाठी 10. मोठं ऑगर घेतलं की सगळंच झालं असं वाटतं, पण 8 इंचांच्या भोकातून निघणारा बर्फ 6 इंचांच्या पावणेदोनपट असतो, आणि हाताने फिरवणाऱ्याला ते दुसऱ्या भोकालाच कळतं. बॅटरीवरचं ऑगर आता बहुतेकांकडे असतं. त्याची बॅटरी मात्र कोटाच्या आत उबेत ठेवावी.

ऑगर अडखळायला लागलं तर दोष बहुधा पात्याचा असतो. वाळू मिसळलेल्या बर्फात एकदा फिरलं की धार जाते. दुसरं कारण म्हणजे पात्यावर गोठलेलं पाणी, ज्यामुळे पातं नुसतंच घसरतं. ते काढायला ऑगर बर्फावर आपटू नये, पातं वाकतं. प्रत्येक भोकानंतर ते हवेत एकदा फिरवून पाणी झटकलं की हा त्रासच होत नाही. भोकातला चुरा काढायला झारा लागतो, स्वयंपाकघरातल्यासारखाच पण लांब दांड्याचा.

गरवायचा दांडा दोन-तीन फुटांचाच असतो, कारण तुम्ही भोकाशेजारी बसलेले असता. छोट्या माशांना 2 ते 4 पौंडांचा ताण सोसणारी नायलॉन दोरी, वॉलायला 6 ते 8 पौंडाची. थंड पाण्यात मासा आमिष हळूच ओठात धरतो, झटका देत नाही. दोरी जाड असेल तर चावा कळतच नाही. टंगस्टनचा छोटा जिग, म्हणजे डोक्याशी वजन बसवलेला गळ, आकाराच्या मानाने जड असतो, म्हणून तो पातळ दोरी सरळ ताणून धरतो आणि लवकर खाली जातो. ब्लूगिलसाठी त्यावर वॅक्सवर्म नावाची अळी, वॉलायसाठी मिनो म्हणजे छोटा जिवंत मासा.

मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या चालतात. एकीवर जिग हातात धरून हलवत राहायचा, दुसरीवर साधा गळ, वर शिसं आणि जिवंत मिनो तळापासून फूटभर वर ठेवून ती तशीच सोडून द्यायची. हलता जिग मासे लांबून बोलावतो, आणि खायचं ठरलं की तोच मासा कितीदा तरी शेजारचा निवांत मिनो उचलतो. पाईकसाठी दुसऱ्या दोरीच्या जागी टिप-अप: भोकावर आडवी ठेवायची चौकट, दोरी पाण्याखालच्या रिळावर, मासा ओढायला लागला की झेंडी उभी राहते. मग पळत जाऊन हातानेच दोरी खेचायची. ओढलेल्या दोरीची वेटोळी पायात येऊ देऊ नका.

आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र, तिथल्या भाषेत फ्लॅशर, ही चैन नाही. खोली, तळ, तुमचा जिग आणि त्याखाली आलेला मासा हे सगळं ते रेषांत दाखवतं. जिगची बारीक रेष स्थिर आहे आणि तळापासून एक जाड रेष सुटून वर येतेय, म्हणजे मासा बघायला आलाय. अशा वेळी जिग त्याच्या तोंडात नेऊन सोडावासा वाटतो, आणि तिथेच बिनसतं. जिग सावकाश, वीतभर वर घ्यायचा. जाड रेष मागोमाग वर आली तर मासा घेणार. ती तळाशी परत गेली तर हालचाल जास्त झाली: पुढच्या वेळी जिग नुसता थरथरवायचा. वरून खाली येणाऱ्या आमिषापासून मासे सहसा दूर जातात, त्यामुळे जिग कायम माशाच्या वर ठेवावा. एका भोकात पंधरा-वीस मिनिटं काहीच रेष दिसली नाही तर उठून दुसरं भोक. नशिबाला दोष देत दोन तास बसणारे आणि डबा भरून नेणारे यांच्यातला फरक बहुतेक वेळा पाडलेल्या भोकांचा असतो.

हंगामाप्रमाणे मासे कुठे असतात

पहिल्या बर्फाला उथळ भागातल्या पाणवनस्पती अजून हिरव्या असतात, बर्फातून उजेड पोचतो, प्राणवायू भरपूर असतो. ब्लूगिल त्या झाडीत, पाईक त्यांच्या मागावर झाडीच्या कडेला, वॉलाय जवळच्या उतारावर. हे दिवस सर्वांत फळतात आणि बर्फही तेव्हाच सर्वांत पातळ असतो.

जानेवारीत हिम जाड झालं की खाली अंधार होतो, वनस्पती कुजतात आणि कुजताना प्राणवायू खातात. उथळ कोपरे ओस पडतात, मासे खोल खळग्यांकडे सरकतात. क्रॅपी तळापासून बरेच वर, अधांतरी थव्याने राहतात. तळाशी गळ सोडून बसलेल्याला ते कधीच भेटत नाहीत. वॉलाय दिवसा सुस्त असतो, पण त्याच्या डोळ्याला मंद उजेडात बघता येतं, म्हणून सूर्यास्ताच्या आगेमागे आणि पहाटे तो चरतो. यलो पर्च उलट, भर दिवसा चालतो आणि अंधार पडताच बंद. त्यामुळे दुपारी पर्च, साडेचारनंतर वॉलाय, असा दिवस लावता येतो. बर्बट नावाचा लांबट, बुळबुळीत मासा ऐन हिवाळ्यात बर्फाखालीच अंडी घालतो आणि रात्रीच लागतो. दिसायला कुरूप म्हणून पुष्कळ जण तो टाकून देतात. आमच्या मते मिनेसोटातला हा सर्वांत उपेक्षित चविष्ट मासा आहे.

मार्चकडे हिम वितळून पाणी भोकांतून खाली जातं, त्याबरोबर प्राणवायू येतो आणि मासे पुन्हा उथळाकडे येतात. ब्लूगिल-क्रॅपीला हा काळ उत्तम. वॉलायचा आणि पाईकचा हंगाम मात्र राज्यातल्या आतल्या तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो.

तंबू, हवा आणि नियम

कापडी तंबूत प्रोपेनची शेगडी लावली की दोन धोके येतात: आग आणि कार्बन मोनॉक्साईड. या वायूला वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, पेंग हे 'थंडीमुळे होतंय' असं वाटतं आणि माणूस शेगडी आणखी वाढवतो. तंबूला एक झडप खाली, एक वर उघडी हवी, आणि बॅटरीवरचा अलार्म हवाच. शेगडी पेटती ठेवून झोपणं साफ बंद.

परवान्याचं वर्ष मार्चपासून सुरू होतं. प्रत्येक तळ्याची मर्यादा वेगळी असू शकते आणि बदलते, म्हणून निघण्यापूर्वी डीएनआरचं त्या तळ्याचं पान बघावं. मिल लॅक्सवर वॉलायचे नियम खास आहेत. 1837 च्या करारातले तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचे मासेमारीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायम केले, तेव्हापासून तिथला वॉलाय राज्य आणि ओजिब्वे समाज वाटून घेतात. अपर रेड लेकचाही पूर्वेकडचाच भाग सर्वांना खुला आहे. पलीकडचं पाणी रेड लेक नेशन या ओजिब्वे समाजाचं, तिथे बाहेरच्यांनी गळ टाकायचा नाही. मिनोच्या डब्यात तळ्याचं पाणी भरून घरी आणू नये, त्यातून परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

पकडल्यावर

सोडायचा असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नये असं नाही, पण उणे 20 च्या वाऱ्यात त्याचे कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठतात. गळ भोकावर वाकूनच काढावा. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, पोट वर करून तो तरंगतो आणि सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात 'पकडून सोडू' हा खेळ खेळू नये. तिथे हवे तेवढे ठेवले की दोरी गुंडाळायची.

ठेवायचे मासे बर्फावर फेकले की तासाभरात दगडासारखे गोठतात. घरी वितळवून पुन्हा गोठवले तर मांस भुसभुशीत होतं. हिमाने भरलेल्या बादलीत ठेवले तर ते गार राहतात, गोठत नाहीत. घरी नेण्याआधी तुकडे केले तर ओळखीसाठी एक इंच चौरस कातडी खवल्यांसकट राहू द्यावी, असा तिथला नियम आहे. पाईकच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारख्या काट्यांची ओळ असते, ती पाठीच्या बाजूने वेगळी कापून काढावी लागते. वॉलाय आणि पर्च मात्र जवळजवळ बिनकाट्याचे. मिनिआपोलिसच्या मराठी घरांत वॉलायला आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तळतात तेव्हा सुरमई नाही म्हणून कोणी खंतावत नाही. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये, गोड्या पाण्यातल्या पाईक-वॉलायमध्ये पट्टकृमीची पिल्लं असू शकतात. मोठ्या, वयस्क माशांत पारा जास्त साचलेला असतो. गरोदर बायकांनी आणि मुलांनी राज्याच्या आरोग्य विभागाचं तळेनिहाय पत्रक बघून, छोटे मासेच खावेत.